पाच नंबरचं ताट

तोले बी रस्त्याच्या चौकात दिवा लाल झाला म्हणून राबिगाने गाडी थांबवली आणि उगाच मान वर केली. बस, घडलं ते एवढंच. समोरच्या इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर टीव्ही मालिकेतला येसेन बातिर, म्हणजे वीर येसेन, उभा होता. हातात भाला, खांद्यावर लांडग्याचं कातडं, मागे सात तोंडांचा सर्प, आणि डोळे पिवळे. अल्माटीवर नोव्हेंबरचा धूर असा दाट बसला होता की सर्पाची दोन-तीन तोंडं दिसतच नव्हती. डोळे मात्र दिसत होते. ते पिवळेपण तिनेच सांगितलेलं. रंगभूषा करणाऱ्या मुलीला तिने शेजारी बसवून समजावलं होतं, लिंबासारखा पिवळा नको गं, हसतील लोक. लोणी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी जो रंग बसतो ना, तो घे, कडेला जास्त, बुबुळाजवळ कमी, आणि उजेड बाजूने आला तरच कळेल असा. बिचारीने पुन्हा पुन्हा कालवून तो रंग साधला, आणि राबिगा स्वतःवर खूश झाली होती. अतिदक्षता विभागात हयात घालवलेल्या बाईला काविळीचा रंग कुठून आणलास म्हणून कोण विचारणार? आता त्या लाल दिव्यापाशी तिला कळलं कुठून आणला ते. पुस्तकातून नाही, विभागातल्या कुठल्या पेशंटकडून नाही. एप्रिलमध्ये भावाच्या स्वयंपाकघरात कोके खिडकीशी वाकून बुटाची नाडी बांधत होते, आणि मान वर करून त्यांनी विचारलं होतं, "निघालीस का गं?" तेव्हा बाजूने ऊन आलं होतं. कोके म्हणजे तिचे वडील. बापाचे डोळे उचलून तिने टीव्हीवाल्यांना नेऊन दिले होते, आणि त्यांनी ते भिंतभर करून चौकात टांगले होते. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून आरोळी ठोकली, "ओ बाई, हिरवा झालाय! झोप घरी जाऊन काढा!" आणि तिने गाडी पुढे काढली.

पुढे काढली खरी, पण जायचं होतं नेमकं तिथेच. धाकट्या भावाकडे, दुलातकडे, आज सोगीमचं जेवण होतं. हिवाळ्यासाठी घोडा कापला की पहिलं तबक आप्तांना घालायचं, ही तर रीतच. पण भावजयीने, गौहरने, मुद्दाम आजचा दिवस धरला होता, कारण आज आठ वाजता मालिकेचा भाग होता आणि भागाच्या शेवटी आपाचं नाव स्वतंत्र पाटीवर येणार होतं. "सगळे मिळून बघू, आपा! अता तर सकाळपासून दाढी करून बसलेत." आपा म्हणजे राबिगा, अता म्हणजे कोके. आजच्या भागात काय आहे ते त्या घरात एकट्या राबिगाला माहीत होतं. येसेनला सर्पाचा विषारी बाण लागलेला आहे आणि आज तो पिवळा पडायला लागणार, खाजवणार, मांसाचा वास आला की तोंड फिरवणार, पट्टा एकेक भोक आत घेणार. सगळं अगदी बरोबर. सगळं तिच्या सांगण्याबरहुकूम. वाटेत तिने सबबी चाचपून पाहिल्या. विभागातून बोलावणं आलंय. डॉक्टरला सबबीला काय तोटा? पण ती गेली नाही म्हणून भाग थोडाच थांबणार होता? उलट तिच्यामागे ते सगळे तो भाग बघणार, आणि कोके काय विचारतील ते ऐकायला ती तिथे नसणार. टीव्हीची वायर कापावी, इमारतीचा फ्यूज काढावा, असले पोरकट बेतही मनात येऊन गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आणि फ्यूज काढायला निघाली होती!

आणि हे सगळं ओढवून घेतलं कुणी? तिनेच. दोन वर्षांपूर्वी मालिकेच्या पहिल्याच भागात एका योद्ध्याच्या फुप्फुसात बाण घुसला आणि त्यानंतर त्याने जे भाषण ठोकलं ते ऐकून ती घरच्या घरी किंचाळली होती. रागारागात तिने वाहिनीला लिहून पाठवलं, की हा माणूस बोलू शकत नाही, याच्या तोंडाला फेस येतो, तुम्ही कधी मरणारा माणूस पाहिला आहे की नाही? तिला वाटलं, कचऱ्यात जाईल. तर दिग्दर्शकाचाच फोन. आयबार नाव त्याचं, पोरगेलासा, घरातही टोपी न काढणारा. "नाही पाहिला, डॉक्टर. या आणि दाखवा." ती गेली आणि अडकली. विभागात कुणी तिचं ऐकून असं वाक्य न् वाक्य लिहून घेत नसे. इथे घेत. तिने हाडं किती दिवसांनी जुळतात ते सांगितलं, रक्त वाळल्यावर कुठल्या रंगाचं होतं ते सांगितलं. हंसकन्येच्या एका चुंबनाने येसेन विषातून उठतो असं लिहिलं होतं, तिथे ती हटून बसली. आयबार वैतागला. "डॉक्टर, सर्प सात तोंडांनी बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट चहा पिता, आणि माणसाच्या यकृतावर अडून बसता! लोक सर्पावर विश्वास ठेवणार आणि यकृतावर नाही ठेवणार होय?" ती म्हणाली, "सर्प कुणी पाहिलाय? तो तुम्ही म्हणाल तसा. पण आजारी माणूस घराघरातून होऊन गेलाय, राजा. तिथे थाप मारलीत तर लोक तुमच्या सर्पालाही हसतील. एक मोठं खोटं पचवायचं असेल ना, तर त्याच्या आजूबाजूला शंभर बारीक गोष्टी खऱ्या लागतात." आयबारने टोपी मागे सारून ते वाक्य भिंतीवरच्या फळ्यावर लिहून काढलं. कित्येक महिने ते तिथेच होतं. आत शिरताना तिची नजर त्याच्यावर जायची आणि तिला बरं वाटायचं, हे कशाला लपवा.

या वर्षीच्या वसंतात कोकेंची तपासणी झाली. स्वादुपिंडात गाठ, यकृतात बिया पेरल्यासारखी पसरलेली. कापण्यापलीकडे गेलेलं, आणि कोकेंच्या हृदयाला औषधांचे फेरे झेपले नसते. पित्ताची दबलेली नळी उघडी राहावी म्हणून जाळीची पुंगळी बसवली, पिवळेपणा उतरला, आणि करण्यासारखं होतं ते तिथे संपलं. दामेली आत्या, कोकेंची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली, जिन्यावर धापा टाकत आली आणि बसायच्या आधी फर्मान सोडलं, "मुकाशला कळता कामा नये. कुणाच्या तोंडून ब्र निघाला तर माझ्याशी गाठ आहे." कोकेंचं नाव मुकातय, मुकाश म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. राबिगा म्हणाली, आत्या, त्यांचं आयुष्य आहे. आत्या म्हणाली, "शिकलीस म्हणून शहाणी झालीस का? माणसाच्या तोंडावर मरण फेकतात? आपल्यात मेलेल्याची बातमीसुद्धा सरळ सांगत नाहीत, तळं आटलं, ससाणा उडाला, असं करत करत सांगतात, आणि तू जित्या माणसाला त्याचीच सांगणार?" दुलात भिंतीकडे तोंड करून रडत होता. मग राबिगाने ठरवलं, सांगायचंच नाही ना, तर निदान न सांगणं तरी नीट करू. अर्धवट थापेने माणूस जास्त घाबरतो, हे तिने विभागात हजारदा पाहिलं होतं. पित्तखडे! खड्यांत सगळं बसत होतं, दुखणं, पिवळेपणा, अशक्तपणा, पुंगळी, आणि 'सूज उतरली की मग ऑपरेशन' हे वायदेसुद्धा. तिने कागदावर यकृत काढून दाखवलं. तेवढ्यावर भागेना म्हणून ओळखीच्या सर्जनकडून दुसऱ्याच कुणाचे तरी खडे बाटलीत घालून आणले, "हे बघा कोके, तुमच्यातून काढलेले." कोकेंनी बाटली उजेडात धरून हलवली. ती आजही त्यांच्या खिडकीत आहे, आल्यागेल्याला दाखवतात. "बघ, भरतकामाचे मणी जसे! बायकोला माझ्या हार झाला असता." आणि खडे म्हटले की पथ्य आलंच. पाच नंबरचं ताट. हे नाव ज्याला सांगावं लागतं तो आमच्याकडचा नव्हेच. पोट बिघडलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी इस्पितळात ते मिळालेलं असतं, उकडलेला बकव्हीट, म्हणजे कुट्टूचे दाणे, वाफवलेली गोमांसाची गोळी, बिनसायीचं दूध, चरबी नावालाही नाही. पथ्याशिवाय खड्यांवर कोण विश्वास ठेवणार? तिने गौहरला बजावलं, डोळ्यांत तेल घालून सांभाळ. गौहरने सांभाळलं. घोड्याच्या मांसावर जन्म काढलेला माणूस सात महिने बकव्हीट खातो आहे. आणि खरं काय, तर त्यांना काहीही खायला हरकत नव्हती. पचनाची गोळी घ्यायची आणि जे मनाला येईल ते खायचं. आता कसलं पथ्य आणि कुणासाठी? खोटं खरं वाटावं म्हणून तिने बापाच्या तोंडचा घास काढून घेतला होता. हे तिला उन्हाळ्यातच लख्ख कळलं होतं. पण पथ्य सोडायचं म्हणजे का सोडलं ते सांगणं आलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली.

गौहरने दार उघडलं आणि वास अंगावर आला. कोट काढता काढता राबिगाला तोंडात पाणी सुटलेलं जाणवलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. कोके वरच्या जागी, दारासमोरच्या भिंतीशी, लोडाला टेकून बसले होते. दाढी केलेली, शर्टाची गळपट्टी मानेभोवती सैल फिरणारी. राबिगाने आधी त्यांचे डोळे पाहिले. ती रोजच आधी तेच बघते. कडेला, बुबुळापासून दूर, किंचित. पुंगळी पुन्हा भरत आली होती तर. "आली आमची सर्पाची डॉक्टर!" कोके म्हणाले. "काय म्हणतोय तुझा पेशंट? सातही तोंडांची जीभ बघितलीस ना?" सगळे हसले. दामेली आत्या बाजूला मांडी ठोकून बसली होती, तिने आमच्याकडच्या म्हाताऱ्या मायेने घेतात तसा राबिगाच्या गालाचा वास घेतला आणि कानात पुटपुटली, "हसत राहा. तोंड बघ कसं केलंयस, मर्तिकाला आल्यासारखं." दुलात भलंमोठं लाकडी तबक घेऊन आला. उकडलेल्या कणकेच्या रुंद पोळ्या, कांद्याचा रस्सा, आणि वर कापून रचलेली कझी. घोड्याची बरगडी चरबीसकट मीठ-लसूण लावून आतड्यात भरतात, ती कझी. दर वर्षी ती कोकेच भरत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. या वर्षी ते स्टुलावर बसून सांगत होते आणि दुलात भरत होता. "गाढवा, बरगडी आहे ती, मोजा नाही, हळू ओढ," असा दिवसभर उद्धार चालला होता म्हणे. चरबी बोटभर जाड, पिवळसर, कडेने पारदर्शक झालेली. घोडा चांगला निघाला होता. दुलातने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले, मग एकदम बापाकडे लक्ष जाऊन घाईघाईने उघडले.

गौहरने कोकेंपुढे त्यांची वेगळी बशी ठेवली. बकव्हीट, गोळी, कडेला उकडलेल्या गाजराची चकती. कोकेंनी चमच्याने गोळी फोडली. तिच्यातून वाफसुद्धा आली नाही. "आमच्या सुनेचा हात बघा," ते म्हणाले, "सात महिन्यांत एकदाही चव चुकलेली नाही. रोज तीच." गौहर लाल झाली. "अता, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे, मी काय करू?" "तू काय करणार, ती तर सर्पालाही बकव्हीट घालेल." पुन्हा हसू. राबिगा हसली. सात महिने ती अशीच हसत होती आणि तिला आता गालाच्या कोणत्या स्नायूने हसायचं तेही पाठ झालं होतं. कोके आत्याच्या ताटाकडे बघत नव्हते, तबकाकडे बघत नव्हते, पण प्रत्येक घासाला त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या, आणि त्यांचा उजवा हात, कझी भरणारा हात, मांडीवर उघडा पडून होता. या आजारात मांस नकोसं होतं असं पुस्तकात लिहिलं आहे, तिनेच ते येसेनच्या तोंडी घातलं आहे, आणि इथे हा माणूस सात महिन्यांनंतरही वासाने व्याकूळ झालेला. सगळ्यांना सारखंच थोडं होतं! एखाद्या गोष्टीवरून तिला रडू यायचं असेल तर ती हीच होती, आणि इथे रडता येत नव्हतं. हात कापून द्यावा पण हा एक घास उचलून त्यांच्या बशीत टाकावा असं तिला झालं. आणि टाकला की काय होईल तेही दिसत होतं, सगळ्यांच्या माना वळतील, आणि आत्या, आणि मग कोके विचारतील, काय गं, खडे विरघळले का माझे? ती पोळीचा तुकडा तोंडात घोळवत बसली.

आठ वाजता दुलातने टीव्हीचा आवाज वाढवला. ढोल, डोंगर, आणि सर्प. सर्पाच्या एका तोंडाने दुसऱ्या तोंडाची खोडी काढली तशी आत्या खूश होऊन म्हणाली, "हा मधला आमच्या गावच्या सरपंचासारखा आहे बघ, मुकाश." सर्पाबद्दल तिला काडीची शंका नव्हती. मग तंबू आला, आणि तंबूत येसेन. राबिगाने हातातला पेला खाली ठेवला. पडद्यावर येसेनचं काम करणाऱ्या पोराने बाजूच्या उजेडात तोंड वळवलं. तो खांदा तंबूच्या काठीला घासत होता, तळहात खाजवत होता. पट्टा आवळत होता. दुलात पडद्याकडे बघायचं सोडून गालिच्याकडे बघायला लागला. गौहर चहा ओतायला म्हणून उठली आणि मध्येच उभी राहिली. सात महिने जे कुणी तोंडाने बोललं नव्हतं ते सगळं तिथे, रंगवून, ढोल वाजवून, क्रमवार चाललं होतं. बाई, काय हे केलंस, राबिगा स्वतःला म्हणत होती, काय हे केलंस! कोके बशी मांडीवर धरून बघत होते. त्यांचा चेहरा कथा ऐकणाऱ्या माणसाचा होता. एकदा फक्त त्यांनी नकळत आपला दंड खाजवला, आणि हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "याला पण खडे झालेत," ते म्हणाले. आत्या जोरात म्हणाली, "छे! याला सर्पाचं विष आहे. तुझं आणि याचं काय?" "तेच म्हणतो मी," कोके म्हणाले.

राबिगाला वाटलं, गेलं, एवढंच होतं. कारण खाज आणि पिवळेपणा या दोन्ही गोष्टी खड्यांनीही होतात, आणि कोकेंनी मागे तिला विचारलंच होतं, तेव्हा तिने चित्र काढून समजावलं होतं. खोटं टिकलं. तिच्या खांद्यांतला ताण उतरला, आणि पाठोपाठ तिला वाईट वाटलं की तो उतरला. मग पडद्यावर वैदूबाई आली. केसांत घुबडाची पिसं लावलेली ती म्हातारी आधीच्या भागापासून येसेनच्या उशाशी बसून होती. त्याला घोडीची चरबी देऊ नका, कुमीस, ते घोडीचं आंबवलेलं दूध, देऊ नका, नुसतं पातळ पाणी द्या म्हणून सगळ्यांच्या अंगावर खेकसायची. येसेनची बायको मांसाचं भांडं घेऊन भीतभीत आत आली. आज म्हातारीने तिला हाकललं नाही. तिने येसेनची नाडी सोडली, त्याचा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि उठत म्हणाली, "दे त्याला. जे मागेल ते दे आता." बायकोच्या हातातलं भांडं कलंडलं. येसेनने म्हातारीकडे पाहिलं, आणि हसला, कारण त्याला कळलं. हे राबिगाने लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं, पण बोललेली होती. कधीतरी मे महिन्यात, चहाच्या सुट्टीत आयबारने सहज विचारलं होतं, तुमच्याकडे नातेवाइकांना कसं सांगता हो? आणि ती दमलेली होती, म्हणाली, सांगत नाही रे. एक दिवस आम्ही पथ्य उठवतो. आजपासून घरून काय हवं ते आणा, म्हणतो. डबे घेऊन येतात बिचारे आनंदाने, आणि वॉर्डाच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांना कळलेलं असतं. आयबारने टोपी मागे सारली होती. तिला आता ती टोपी आठवली. मेल्याने लिहून घेतलं होतं!

बायकोचा हंबरडा, गरुड, ढोल, आणि एकदम साबणाची जाहिरात. आत्या डोळ्यांना पदर, म्हणजे डोक्याचा रुमाल, लावून हुंदके देत होती. "कसं दाखवलंय हो! अगदी असंच, अगदी असंच असतं." साबणाची बाई खोट्या फेसात हसत होती. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. कोकेंनी चमचा बशीत आडवा ठेवला, बशी गालिच्यावर सरकवली, आणि राबिगाकडे वळले.

"पोरी," ते म्हणाले, "एक तुकडा खाऊ का गं मी?"

त्यांनी बोट दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती. "अरे मुकाश!" आत्या ओरडली, रडू कुठल्या कुठे गेलं, "काहीतरीच काय! पाच नंबर आहे तुला! दुखायला लागलं म्हणजे?" दुलात हसत सुटला, भलतंच मोठ्याने, "कोके, ऑपरेशन होऊ दे, मग अख्खा घोडा तुमचा!" "मी तुला विचारलं का रे?" कोके शांतपणे म्हणाले. "मी डॉक्टरला विचारतोय."

नाही म्हणणं किती सोपं होतं! नाही म्हटलं की सगळं जागच्या जागी राहत होतं, खडे बाटलीत राहत होते, आत्या श्वास सोडणार होती, ऑपरेशन वसंतात होणार होतं. कोके बशी परत मांडीवर ओढून घेणार होते आणि उरलेलं गाजर खाणार होते. आणि वसंतापर्यंत, वसंतापर्यंत कसलं, नव्या वर्षापर्यंत बकव्हीट. शेवटच्या दिवशीही गौहर चमच्याने बकव्हीटच भरवणार होती, कारण ती गुणी होती आणि तिला तसं सांगितलेलं होतं. पुढचा सोगीम कुणाच्या तरी आठवणीत खायचा होता. राबिगाला ओरडावंसं वाटलं, की कोके, असं का विचारता, दुसरं काही विचारा ना! सरळ विचारा, मी सरळ खोटं बोलेन, त्याची मला सवय आहे. हे विचारू नका. पण ते वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांत दटावणी नव्हती, भीती असलीच तर ती त्यांनी नीट घडी घालून बाजूला ठेवली होती. होती ती नुसती भूक, खरीखुरी, लहान मुलाची असते तशी. आणि विभागात रोज ज्या बायकोला, ज्या लेकाला ती ते वाक्य सांगत आली, त्यातल्या एकाचाही चेहरा आपण आजवर नीट पाहिलेला नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. ती दर वेळी हातातल्या कागदाकडे बघून बोलत असे. आज हातात कागद नव्हता.

"खा," ती म्हणाली.

साबण संपून बँकेची जाहिरात लागली होती. दुलातचं हसू थांबलं. गौहरने किटली खाली ठेवली.

"किती?" कोकेंनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघून सांगितलं, "हवं तेवढं, कोके."

आत्याने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. कोके राबिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी, बाह्या वर सारल्या आणि 'बिस्मिल्ला' म्हणून तबकाकडे सरकले. त्यांनी सगळ्यात जाड चकती निवडली. तिच्यावरची चरबी थरथरत होती. ती त्यांनी दोन बोटांत उचलली, नाकाशी नेली, तोंडात ठेवली आणि चावायला लागले. जबडा सावकाश चालत होता, कानशिलाजवळची बारीक शीर वर-खाली होत होती. हनुवटीवरून तेलाचा एक ओघळ आला तो त्यांनी पुसला नाही. दुसरी खाल्ली. तिसरी अर्धी खाऊन ते थांबले, दमले, आणि लोडाला टेकले. "दुलात," ते म्हणाले, "चांगली भरलीयस. पुढच्या वर्षी लसूण थोडा कमी घाल." पुढच्या वर्षी म्हटल्यावर दुलात उठला आणि स्वयंपाकघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला.

राबिगाला आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकदा दार उघडलंच आहे तर सगळं बोलून टाकावं, खडे, बाटली, पुंगळी, सात महिने, माफ करा म्हणावं, पायावर डोकं ठेवावं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली. "कोके, मला तुम्हाला काही सांगायचंय. एप्रिलमध्ये जेव्हा..."

कोके सरळ बसले. त्यांनी पुन्हा तबकात हात घातला. जेवण आटोपताना घरातलं मोठं माणूस उरलेलं मांस मुठीत गोळा करून लहानांना आपल्या हाताने भरवतं. पोरं रांग लावतात, मूठ मोठी आणि तोंड इवलंसं, ठसका लागेपर्यंत हसतात. कोकेंनी कझी घेतली, पोळी घेतली, चरबी घेतली, मुठीत दाबून गोळा केला. वेळ लागला, पण गोळा नीट झाला.

"तोंड उघड," ते म्हणाले.

"कोके, ऐका ना, मी तुम्हाला..."

"उघड म्हणतो ना."

तिने उघडलं. त्यांनी तो अख्खा गोळा तळहाताने तिच्या तोंडात लोटला आणि हात काढला नाही; चरबीने माखलेली बोटं तिच्या ओठांवर तशीच दाबून धरली. तिचे गाल फुगले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आत जिभेला हलायला जागा नव्हती.

"चाव," कोके म्हणाले. "बोलू नकोस. नुसतं चाव."